गावठी जास्वंदीचं कूळ

लाल जास्वंद आपल्याला इतकी घरची वाटते, की ती मुळात कुठली हा प्रश्न सहसा पडतच नाही. गणपतीला ती हवी, बंगालात कालीच्या हारात ती, संस्कृतात सूर्याच्या रंगाला उपमा जपाकुसुमाची. सतराव्या शतकात कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ करवून घेतला, त्यातही तिचं चित्र आहे.

१७५३ साली लिनियसने तिला चीनचा गुलाब ठरवून ‘हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस’ असं नाव दिलं. पण चीनच्या रानात ती सापडत नाही, आणि आपल्याही नाही. जिथे तिथे ती माणसाच्या वस्तीलगतच.

तिची भावंडं मात्र रानात आहेत, आणि बहुतेक दूरच्या बेटांवर. एक मॉरिशसच्या परिसरातल्या बेटांवर, पांढरी सुगंधी हवाईत. झुंबरासारखी लोंबणारी, कातरलेल्या पाकळ्यांची तेवढी पूर्व आफ्रिकेतली. या सगळ्यांशी तिचा संकर जुळतो. त्यामुळे ती स्वतःच फार जुना संकर असावी, असं अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसमध्ये चार्ल्स टेलफेअर यांनी आणि पुढे हवाईतल्या बागप्रेमींनी असे संकर मुद्दाम केले. आज नर्सरीत दिसणाऱ्या पिवळ्या, केशरी, जांभळट जास्वंदी याच वाटेने आल्या.

गावठी लाल जास्वंद सहसा बी धरत नाही. म्हणजे इतकी शतकं ती टिकली ती केवळ फांद्यांवर. कुणी मागितली, कुणी मोडून दिली, कुणी परसात खोचली. फांदीपासून झालेलं झाड हे नवं झाड नसतंच. जुन्याचाच तो पुढे वाढलेला अवयव. आपल्या अंगणातली जास्वंद या अर्थाने वाड्यापेक्षा, कदाचित गावापेक्षाही जुनी असू शकते. हे मला फार मोलाचं वाटतं.

लावायची तर पावसाळ्याच्या तोंडाशी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घ्यावी, खालची पानं काढावीत आणि दोन डोळे मातीत जातील अशी खोचावी. फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून छाटणीला कचरू नये. पिठ्या ढेकूण दिसला की पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा.

नव्या संकरित जास्वंदी जरूर आणा. त्यांतल्या कित्येकींची मुळं नाजूक असतात, म्हणून त्यांचं कलम दणकट जास्वंदीच्या खुंटावर बांधतात. पण शेजारचा जुना वाडा पाडायला निघाला असेल, तर आधी तिथल्या लाल जास्वंदीची फांदी मागून आणा, आणि ती वाढली की आणखी दोन घरी द्या.