शाळेची दुहेरी पट्टी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दक्षिणेकडे आलाबामा नांवाचें एक संस्थान आहे. तेथील ली काउंटींत, लोचापोका या खेड्यांत, इ. स. १९१३ सालीं एक लहानशी लांकडी शाळा उभी राहिली. एकूण खर्च ९४२ डॉलर ५० सेंट झाला. पैकीं ३०० डॉलर शिकागोचे धनाढ्य व्यापारी ज्यूलियस रोझेनवाल्ड यांनीं दिले. ३६० डॉलर गांवच्या गोऱ्या लोकांकडून आले. आणि ज्यांचीं मुलें त्या शाळेंत बसावयाचीं होतीं त्या कृष्णवर्णीय रहिवाशांनीं १५० डॉलर रोख व १३२ डॉलर ५० सेंट किंमतीची अंगमेहनत दिली. या हिशेबांत सरकारी तिजोरीचें नांव कोठेंच नाहीं.

तें कां नाहीं, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें नष्ट झाली. परंतु १९०१ सालच्या आलाबामाच्या राज्यघटनेनें कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपुष्टांत आणला. ज्याला मत नाहीं त्याला स्कूल बोर्डांत कोण विचारणार? कर त्यांच्याकडूनहि वसूल होई. पण वांटणीच्या वेळीं मोठा हिस्सा गोऱ्या मुलांच्या शाळांकडे वळे. कृष्णवर्णीय मुलांचे वर्ग चर्चमध्यें किंवा मोडक्या खोपटांत भरत.

टस्कीगी संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांचें चरित्र 'आत्मोद्धार' या पुस्तकामुळें मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. रोझेनवाल्ड यांनीं १९१२ सालीं आपल्या पन्नासाव्या वाढदिवशीं त्यांच्या हातीं २५,००० डॉलर ठेवले. त्यांतील उरलेल्या रकमेंतून सहा खेड्यांत शाळा बांधून पाहाव्या, अशी सूचना वॉशिंग्टन यांनीं केली. मात्र फुकट कोणास कांहीं द्यावयाचें नाहीं. गांवानें आपला वांटा आधीं उभा करावा, मग बाहेरची रक्कम मिळावी, असा नियम ठरला. लोचापोकाची शाळा ही या सहांपैकीं पहिली.

या नियमाचा खेड्यांत काय परिणाम झाला, तो पाहण्यासारखा आहे. बहुतेक पालक अर्धेलीनें शेत करणारीं कुळें. वर्षाअखेर हातांत रोख पैसा दिसला तर नशीब. तरीहि कांहीं गांवीं कापसाच्या शेताचा एक तुकडा शाळेच्या नांवानें राखून ठेवण्यांत आला. त्यावरची नांगरणी, खुरपणी, वेचणी सर्वांनीं मिळून करावयाची आणि विक्रीचें उत्पन्न शाळेस द्यावयाचें. स्त्रिया घरून जेवणाचे डबे भरून आणीत व त्यांचा लिलाव होई. कोणी कोंबड्या दिल्या, कोणी डुकरें विकलीं, कोणी झाडें तोडून वांसे घातले. आलाबामांतील बोलिजी येथील एका सभेची हकीकत तर विसरण्याजोगी नाहीं. गुलामगिरींत जन्मलेला एक वृद्ध पुढें आला आणि जन्मभराची शिल्लक त्यानें एका जुन्या मळकट पिशवींतून टेबलावर ओतली. ती ३८ डॉलर भरली. आपल्या नातवंडांच्या मुलांना तरी शिकावयास मिळावें, एवढेंच त्याचें म्हणणें होतें.

इमारतींचे नकाशेहि विचारपूर्वक केलेले असत. खेड्यांत वीज नव्हती, म्हणून प्रकाश भरपूर यावा अशा उंच खिडक्यांच्या रांगा ठेवीत. अनेक नकाशांत दोन वर्गांमधील पडदी सरकवितां येई, म्हणजे दिवसा जेथें मुलें पाढे म्हणत तेथें रात्रीं गांवाची सभा भरे.

वॉशिंग्टन १९१५ सालीं वारले. पण काम थांबलें नाहीं. १९१७ मध्यें रोझेनवाल्ड फंड स्थापन झाला, आणि १९३२ पर्यंत पंधरा संस्थानांत ४,९७७ शाळा बांधून झाल्या. शिक्षकांचीं घरें व कर्मशाळा धरून एकूण इमारती ५,३५७. सारा खर्च सुमारें २ कोटि ८४ लक्ष डॉलर. त्यांत फंडाचे ४३ लक्ष ६६ हजार, गोऱ्या नागरिकांचे १२ लक्ष, आणि कृष्णवर्णीयांचे ४७ लक्ष २५ हजार! कोट्यधीशाच्या फंडापेक्षां कुळांनीं अधिक दिलें. बाकीचे १ कोटि ८१ लक्ष सार्वजनिक करांतून आले, आणि गांवांच्या वर्गणीवांचून बोर्डांनीं आपली थैली इतकी मोकळी केली नसती, हें कबूल केलें पाहिजे. परंतु त्या करांतहि या लोकांचा भाग होताच. म्हणजे एकदां कर भरावयाचा, आणि त्या करानें जें मिळावयास हवें होतें त्यासाठीं पुन्हां वर्गणी द्यावयाची. इतिहासकार जेम्स अँडरसन यांनीं १९८८ सालच्या आपल्या ग्रंथांत यास दुहेरी करच म्हटलें आहे. शिवाय बांधलेली शाळा व तिची जमीन सार्वजनिक शिक्षणखात्याच्या नांवें करून देण्याची अट होती. पालकांच्या कष्टांची इमारत अशा रीतीनें ज्या बोर्डांत त्यांस जागा नव्हती त्याच्याच मालकीची होई. पालकांच्या सहकार्याची स्तुति करतांना ही बाजू सोयीस्करपणें गाळली जाते.

पैसा देणारा माणूस केव्हां तरी हिशेब विचारूं लागतो. साउथ कॅरोलायनांतील क्लॅरेंडन काउंटींत गोऱ्या मुलांसाठीं तीस मोटारी होत्या, कृष्णवर्णीय मुलांसाठीं एकहि नाहीं. पालकांनीं वर्गणी काढून एक जुनी मोटार घेतली. काउंटीनें तिला पेट्रोलहि नाकारलें. १९४७ मध्यें या मोटारीची मागणी लेखी झाली. १९४९ मध्यें शंभराहून अधिक सह्यांचा अर्ज गेला, त्यांत सर्वच शाळा समान कराव्या असें म्हटलें होतें. सही करणारे हॅरी ब्रिग्ज पेट्रोलच्या पंपावर कामाला होते. त्यांची नोकरी गेली, आणि पत्नीचीहि गेली. त्यांच्या नांवाचा दावा पुढें इतर चार दाव्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयांत चालला, आणि १९५४ सालीं वर्णभेदाच्या शाळा घटनाबाह्य ठरल्या.

त्यानंतर रोझेनवाल्ड शाळा एकामागून एक बंद पडल्या. कित्येक पाडल्या गेल्या, कांहींची गोदामें झालीं. २००२ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय वास्तुरक्षण संस्थेनें त्या नष्ट होण्याच्या मार्गावरील वास्तूंच्या यादींत घातल्या. ज्या थोड्या वांचल्या, त्यांतील अनेकांच्या डागडुजीसाठीं तेथें शिकलेल्या म्हाताऱ्या विद्यार्थ्यांनीं पुन्हां एकदां वर्गणी काढली आहे.