इंजिनाच्या घशातली झडप

गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आपण इंजिनाला काय वाढवून देतो? हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. बहुतेक विद्यार्थी 'पेट्रोल' म्हणतील. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. पायाने आपण उघडतो ती हवेची वाट. पेट्रोल त्या हवेच्या मापाने दिले जाते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते, म्हणून हवेवर ताबा म्हणजेच इंजिनावर ताबा. तो ठेवते थ्रॉटल बॉडी. ही एक आखूड नळी असते आणि तिच्या आत आडव्या दांडीवर फिरणारी गोल चकती असते. थ्रॉटल या इंग्रजी शब्दाचे नातेही घशाशीच आहे.

हा घसा बिघडला तर दोष कुठे शोधायचा? एकेकाळी तो डोळ्यांना दिसे, आता सहसा दिसत नाही. हा बदल कसा झाला ते पाहू.

अशीच चकती जेम्स वॉटने वाफेच्या नळात बसवली होती. 1788 साली त्याने तिला फिरत्या गोळ्यांचा वेगनियंत्रक जोडला. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात, दांडे सरकत आणि झडप मिटू लागे. सारे उघड्यावर होते, त्यामुळे काय अडकले ते कामगाराला बघताच कळे. पण पुढे एक वेगळीच अडचण आली. काही यंत्रांचा वेग कोणताही भाग तुटलेला नसताना सतत वरखाली हेलकावे घेई. 1868 साली जेम्स क्लार्क मॅक्सवेलने अशा नियंत्रकांचे गणित मांडले. त्यातून स्पष्ट झाले की प्रत्येक भाग सुटा पाहिला तर धडधाकट असतो, तरीही त्यांच्या परस्परसंबंधात दोष असू शकतो.

1893 मध्ये विल्हेल्म मायबाखने पेट्रोलचा फवारा करणारा कार्ब्युरेटर बनवला. पुढे कार्ब्युरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल एकाच घशातून जाऊ लागले. 1967 साली बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी फोक्सवॅगनच्या गाड्यांत आली आणि पेट्रोलची वाट वेगळी झाली. थ्रॉटलकडे फक्त हवा उरली. तरीही पाय आणि चकती यांच्यामध्ये पोलादी केबल होतीच. केबल तुटली की ती हातात येई.

1987 साली बीएमडब्ल्यूच्या बारा सिलिंडरांच्या 750 आय गाडीत ही केबल गेली. पायाच्या हालचालीचा विद्युतसंदेश संगणकाकडे जाऊ लागला आणि चकती मोटर फिरवू लागली. 1998 च्या एम 5 या वेगवान गाडीत तर आठ सिलिंडरांना आठ चकत्या होत्या, त्याही विजेवर चालणाऱ्या. चाके घसरू लागली तर पाय दाबलेला असतानाही संगणक हवा कमी करू शकतो, हा याचा मोठा फायदा.

पण संगणकाला चकतीची जागा कळते ती संवेदकाच्या व्होल्टेजवरून, आणि संवेदकच चुकला तर? म्हणून संवेदक दोन असतात. काही गाड्यांत एकाचे व्होल्टेज वाढते तसे दुसऱ्याचे घटते आणि बेरीज 5 व्होल्टच्या आसपास राहते. मेळ बसला नाही की संगणक मोटरची वीज तोडतो. स्प्रिंग चकतीला जराशा उघड्या जागी आणते, दिवा लागतो आणि तीनशे अश्वशक्तीची गाडी रांगत घरी जाते.

संगणकात नोंदलेला दोष-क्रमांक वाचून पुष्कळदा थ्रॉटल बॉडीच बदलली जाते. पण तो क्रमांक लक्षण सांगतो, कारण नव्हे. आधी बॅटरीचे व्होल्टेज, अर्थिंग आणि जोडणीच्या पिना पाहाव्यात. थ्रॉटलनंतरच्या नळीत कुठून चोरून हवा शिरते का ते तपासावे. मग चकतीच्या कडेची काजळी पाहावी. चकती सावकाश उघडत गेल्यावर व्होल्टेज सलग बदलायला हवे. मध्येच उडी दिसली तर संवेदकाची पट्टी झिजली असावी. इतका पुरावा हाती आला की मगच भाग बदलावा, नवे गॅस्केट घालावे आणि चकतीची बंद व उघडी जागा संगणकाला नव्याने शिकवावी. एक खबरदारी घ्यावी. चावी चालू असताना चकतीत बोट घालू नये, कारण मोटर ती अचानक मिटवू शकते.

हा प्रश्न फक्त खर्चाचा नाही. ऑगस्ट 2009 मध्ये कॅलिफोर्नियात टोयोटा कंपनीची एक लेक्सस गाडी आवरेनाशी झाली आणि चार माणसे दगावली. तिथे पेडल पायपुसण्याच्या चटईत अडकले होते. अशा इतर तक्रारींमागे इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे का, याचा तपास नासाच्या अभियंत्यांनी केला. फेब्रुवारी 2011 च्या त्यांच्या अहवालात तसा पुरावा मिळाला नसल्याचे सांगितले आहे. मात्र पुरावा मिळाला नाही म्हणजे तसे घडणे अशक्य, असे नव्हे, हेही त्यांनी नमूद केले. तपासलेल्या एका पेडलच्या संवेदकात तर कथिलाचे केसासारखे बारीक तंतू वाढून शॉर्ट सर्किट झालेले आढळले. 2013 साली ओक्लाहोमातील एका ज्युरीने दुसऱ्या एका अपघातात कंपनीला जबाबदार धरले. त्या खटल्यात नियंत्रक संगणकाच्या आज्ञावलीवर आक्षेप घेतले गेले होते.

म्हणजे वॉटच्या दांड्यांपासून आपण अशा यंत्रापर्यंत आलो आहोत, जिथे दोष पाहायचा नसतो, तर तर्काने आणि मोजमापाने सिद्ध करायचा असतो. हे वर्गातही दाखवता येते. दोन समान परिवर्ती रोध एकाच दांडीने एकत्र फिरतील असे बसवा आणि 4.5 व्होल्टच्या बॅटरीला परस्परांच्या उलट जोडा. दांडी फिरवताना दोन्ही व्होल्टेज मोजून बेरीज लिहा. मग विद्यार्थ्यांच्या नकळत एक जोडणी सैल करा. 'दोष कुठे आहे?' एवढेच विचारू नका, 'कशावरून?' हेही विचारा.