दंत-सिरॅमिकवरील फ्लुओराइड उपचारांचे परिणाम

दातांना कीड लागू नये म्हणून दंतवैद्य जेल, फेस किंवा व्हार्निशच्या रूपात दातांवर फ्लुओराइड लावतात. तोंडात सिरॅमिकची कॅप, ब्रिज, इन्ले किंवा व्हिनिअर असेल, तर यांपैकी काही औषधांमुळे त्याचा पृष्ठभाग कोरला जातो, चकाकी कमी होते आणि खरखरीतपणा वाढतो. हे फ्लुओराइडाच्या प्रमाणापेक्षा औषधाच्या आम्लतेमुळे अधिक घडते. उपचार ठरवताना नेमका हाच भेद पुष्कळदा नजरेआड होतो.

आम्लयुक्त फॉस्फेट फ्लुओराइड (ए.पी.एफ.) हे या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे औषध होय. बॉस्टनमधील फिन ब्रुडेव्होल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९६०च्या दशकाच्या आरंभी पुढे आणले. दंतवल्क आम्लात फ्लुओराइड अधिक वेगाने व अधिक प्रमाणात शोषून घेते, तर फॉस्फेटमुळे दंतवल्काचे विरघळणे आवरले जाते, या दोन गोष्टींचा मेळ त्यात घातला आहे. दवाखान्यातील नेहमीच्या जेलमध्ये फ्लुओराइड १.२३ टक्के, म्हणजे दशलक्षात १२,३०० भाग असते. मूळ सूत्रात २ टक्के सोडियम फ्लुओराइड, ०.३४ टक्के हायड्रोफ्लुओरिक आम्ल आणि ०.९८ टक्के फॉस्फोरिक आम्ल होते. जेलचा सामू साधारण ३ ते ३.५ असतो. ते ट्रेमध्ये भरून चार मिनिटे दातांवर ठेवतात.

सिरॅमिकवरील परिणामाचे मूळ हायड्रोफ्लुओरिक आम्लात आहे. काचेतील सिलिका विरघळवणारी आम्ले अगदी मोजकी असून त्यांत हे प्रमुख आहे. त्याचा रेणू सिलिकाशी संयोग पावून सिलिकॉनची फ्लुओराइडयुक्त संयुगे तयार करतो आणि तेवढी काच पृष्ठभागावरून निघून जाते. द्रावणातील किती फ्लुओराइड या आम्लाच्या रूपात राहील हे सामूवर ठरते. सामू ३.२च्या आसपास असताना ढोबळमानाने निम्मे फ्लुओराइड आम्लरूपात असते, सामू ७ असताना दहा हजारांत एखाद-दोन भागच. म्हणूनच ५ टक्के सोडियम फ्लुओराइडच्या व्हार्निशमध्ये दशलक्षात २२,६०० भाग, म्हणजे ए.पी.एफ.च्या जवळजवळ दुप्पट फ्लुओराइड असूनही सिरॅमिकला त्याची झळ पोहोचत नाही. सामू उदासीन असलेले २ टक्क्यांचे सोडियम फ्लुओराइड जेलही तसेच निर्धोक आहे. ०.४ टक्के स्टॅनस फ्लुओराइडचे जेल आम्लधर्मी असले तरी त्यातील फ्लुओराइड बरेच कमी असते. त्यातील कथिलाच्या संयुगांमुळे कॅपच्या कडांशी तपकिरी डाग पडणे ही त्याची वेगळी अडचण.

कोणते सिरॅमिक किती कोरले जाईल हे त्यातील काचेवर अवलंबून असते. धातूवर चढवलेले फेल्डस्पारयुक्त पोर्सेलिन आणि त्याची व्हिनिअर यांत काचेचा वाटा मोठा असल्याने ती सर्वांत नाजूक ठरतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ए.पी.एफ. लावलेल्या अशा पृष्ठभागावर खड्डे दिसतात. ल्युसाइटयुक्त प्रकारांत काच आणि स्फटिक वेगवेगळ्या वेगाने विरघळत असल्याने मधाच्या पोळ्यासारखी रचना उघडी पडते. लिथियम डायसिलिकेटमध्ये सुईसारख्या स्फटिकांमधली काच आधी जाते. झिर्कोनियात काच जवळजवळ नसतेच, त्यामुळे एकसंध, पॉलिश केलेल्या झिर्कोनिया कॅपवर ए.पी.एफ.चा दखल घेण्याजोगा परिणाम होत नाही. परंतु झिर्कोनियावर पोर्सेलिनचा थर किंवा ग्लेझ चढवलेला असेल, तर तोंडात उघडी राहते ती काचच. केवळ ‘झिर्कोनियाची कॅप आहे’ एवढ्या माहितीवर निर्धास्त राहणे म्हणूनच चूक ठरते.

हायड्रोफ्लुओरिक आम्लाचा काच कोरण्याचा हाच गुण दंतवैद्यकाने कामालाही लावला आहे. १९८३ मध्ये रिचर्ड सायमनसन व जॉन कॅलॅमिया यांनी पोर्सेलिनची आतील बाजू हायड्रोफ्लुओरिक आम्लाने कोरून त्यावर रेझिन चिकटवण्याची पद्धत मांडली, आणि आजची चिकटवलेली व्हिनिअर तीवरच उभी आहेत. तोंडातच कॅपचा टवका उडाला तर दुरुस्तीसाठी तीव्र आम्ल वापरणे हिरड्यांना व त्वचेला घातक असते. त्याला पर्याय म्हणून ए.पी.एफ. जेल काही मिनिटे ठेवून पोर्सेलिन खडबडीत करण्याचे प्रयोग झाले आहेत. जे चिकटवताना उपयोगी पडते, तेच बाहेरच्या गुळगुळीत बाजूवर नुकसान करते.

नुकसान केवळ दिसण्यापुरते नसते. पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला की जंतूंचा थर अधिक साचू लागतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. चहा, हळद, तंबाखू यांचे डाग धरतात. खरखरीत पोर्सेलिन समोरच्या नैसर्गिक दाताचे दंतवल्क जास्त घासते, आणि ही झीज भरून येत नाही.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष जसेच्या तसे तोंडाला लावता येत नाहीत. अनेक प्रयोगांत नमुने तासन्‌तास जेलमध्ये बुडवून ठेवतात. तोंडात मात्र लाळ जेल पातळ करते आणि पृष्ठभागावर प्रथिनांचा पातळ पडदाही असतो. वर्षातून दोनदा चार मिनिटे जेल लावले, तर दहा वर्षांत संपर्क भरतो जेमतेम ८० मिनिटे. याउलट मुखाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार झालेल्या रुग्णांची लाळ आटते आणि त्यांना घरी रोज ट्रेमधून फ्लुओराइड घ्यावे लागते. रोज पाच मिनिटे धरली तरी वर्षाला ३० तास होतात. या रुग्णांसाठी आम्लधर्मी जेल निवडणे अक्षम्य आहे. त्यांना १.१ टक्के सोडियम फ्लुओराइडचे, उदासीन सामूचे जेलच द्यावे.

सिरॅमिकला जपण्यासाठी फ्लुओराइडच बंद करणे हा मात्र उलटा न्याय होईल. कॅपला कीड लागत नाही. ती लागते कॅपच्या कडेला, दात आणि सिमेंट जिथे मिळतात तिथे, आणि हिरडी उतरून उघड्या पडलेल्या मुळाला. कॅप निकामी होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. ज्याच्या तोंडात सिरॅमिक जास्त, त्याला फ्लुओराइडाची गरजही बहुधा जास्तच असते. अशा व्यक्तीसाठी व्हार्निश हा पहिला पर्याय होय. ए.पी.एफ.च वापरायचे झाल्यास सिरॅमिकवर आधी पेट्रोलियम जेलीचा लेप द्यावा. आम्लधर्मी फ्लुओराइड टायटॅनियमवरील संरक्षक ऑक्साइडलाही बाधा आणू शकते, त्यामुळे इम्प्लांट असणाऱ्यांनाही उदासीन औषधच योग्य. भारतात टूथपेस्टमधील फ्लुओराइडाची कमाल मर्यादा दशलक्षात १,००० भाग आहे. त्या प्रमाणात आणि उदासीन सामूच्या आसपास सिरॅमिकला धोका नाही.

पिण्याच्या पाण्यातील फ्लुओराइडही सिरॅमिक कोरत नाही, कारण ते दशलक्षात काही भागच असते. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात ते मर्यादेपेक्षा अधिक आढळते. तिथे लहानपणापासून ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पांढरे-तपकिरी चट्टे उमटतात आणि काही जण पुढे व्हिनिअर बसवून घेतात. अशा रुग्णाला कीड रोखण्यासाठी बाहेरून फ्लुओराइड लावायचे झाल्यास व्हिनिअरसाठी वरचेच नियम लागू पडतात.

कोरला गेलेला पृष्ठभाग हिऱ्याची पूड असलेल्या रबरी चाकांनी व पेस्टने तोंडातच पुन्हा पॉलिश करता येतो. ग्लेझ मात्र भट्टीतच चढते, त्यामुळे सिमेंटने बसवलेल्या कॅपला ते परत देता येत नाही. कॅपची छटा वरून रंग देऊन भाजलेली असेल आणि तो थर गेला असेल, तर पॉलिशने गुळगुळीतपणा येतो, छटा परत येत नाही. अशी कॅप बदलावीच लागते.