शीड गेले, केबिन आली

आमच्या वेसाव्यात आजाच्या होडीला इंजिन नव्हते. शीड, वल्ही आणि भरती-ओहोटीचे गणित, एवढ्यावर संसार चालायचा. चूल उघड्यावर. तिचा धूर डोळ्यांना झोंबायचा आणि वाऱ्याबरोबर निघून जायचा.

पहिल्या पंचवार्षिक योजनेत (१९५१-५६) होड्यांना यंत्रे बसवायला सरकारने हात दिला. बापसाची होडीही पुढे यांत्रिक झाली. मग केबिन आली, आणि केबिनला दार.

थंडीत खलाशी दार लावून झोपत. वारा मागून असला की इंजिनाचा धूर उलटा फिरून आत शिरतो; त्यात कोणी चहासाठी कोळशाची शेगडी आत घेतली, तर घातच. या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो.

एका पहाटे माझा काका डोके धरून, ओकत बाहेर आला. सगळे म्हणाले, "दर्या लागला." तीस वर्षे पाण्यावर काढलेल्या माणसाला दर्या कसा लागेल, हे कोणी विचारलेच नाही. मोकळ्या हवेत तो सावरला. शेगडी मात्र महिनाभर आतच राहिली, याची मला आजही चीड येते.

पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. नाखवांनो, होडी किनाऱ्यावर आहे तोवर धुराड्याचे सांधे तपासा, केबिनला दोन्ही बाजूंनी झरोके ठेवा आणि शेगडी बाहेर काढा.