डबल बास निवडताना

व्हायोलिनच्या कुळातील सर्वांत मोठे व सर्वांत खर्जाचे वाद्य म्हणजे डबल बास. त्याच्या ई, ए, डी, जी या चार तारांपैकी सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ असते. मुंबईतील हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत, विशेषतः गोव्याहून आलेल्या वादकांच्या हाती, हे वाद्य दीर्घकाळ नांदले. पुढे बास गिटार व सिंथेसायझर यांनी त्याची बरीचशी जागा घेतली. आज जाझच्या मैफली आणि २००६ मध्ये एनसीपीएत स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया यांतून ते ऐकावयास मिळते. अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या सदनिकेत हे वाद्य आणू इच्छिणाऱ्याने प्रथम विचार करावा तो मुंबईच्या हवेचा.

लाकूड : डबल बास तीन प्रकारांत मिळतो. पहिला संपूर्ण प्लायवूडचा. दुसऱ्यात केवळ दर्शनी पाटी अखंड स्प्रूसची असते. तिसरा संपूर्ण अखंड लाकडाचा. अखंड लाकडाचा नाद अधिक भरदार असतो. मात्र जुलै-ऑगस्टमधील दमट हवेत ते फुगते आणि वातानुकूलित खोलीत आक्रसते. या ओढाताणीत सांधे सुटतात, पाटीला चिरा जातात. त्यामुळे पहिल्या खरेदीसाठी प्लायवूडचे वाद्य अधिक सुरक्षित ठरते.

आकार : ‘थ्री-फोर्थ’ या नावावरून ते मुलांचे वाद्य वाटते, परंतु प्रौढ वादकही बहुधा हाच आकार वापरतात. त्याची उंची सुमारे १८० सेंटिमीटर असते. इमारतीची लिफ्ट व जिन्याचे वळण आधीच मोजून घ्यावे.

घोडी : पावसाळ्यात पाटी फुगली की घोडी वर उचलली जाते, तारा उंच होतात आणि बोटांना त्रास होतो. घोडीच्या पायांत उंची कमी-जास्त करणारे स्क्रू असल्यास हा प्रश्न घरीच सुटतो.

तपासणी : फिंगरबोर्ड एबनीचा असावा, काळ्या रंगाने झाकलेले मऊ लाकूड तारांखाली लवकर झिजते. मानेच्या मुळाशी तडा असल्यास वाद्य घेऊ नये, कारण ती दुरुस्ती महागडी असते. कडेने बोटाने टकटक करून पाहावे. खरखर आल्यास सांधा सुटलेला असण्याची शक्यता असते. आतील नादखांब केवळ दाबाने उभा असतो, म्हणून सर्व तारा एकदम सैल करू नयेत.

गज : फ्रेंच व जर्मन गज धरण्याची रीत वेगळी असते. शिक्षक ठरल्यावरच गज घ्यावा.

दुरून मागविलेले वाद्य पुष्कळदा घोडी उतरवून पाठविले जाते. ती बसविणारा, तारांची उंची जुळविणारा जाणकार कारागीर आधी शोधावा आणि त्याच्या मेहनतान्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद ठेवावी. नीट जुळविलेले साधे वाद्य, न जुळविलेल्या महागड्या वाद्यापेक्षा अधिक सुरेल वाजते.