पुढे येणारे पाऊल

तोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिराच्या बारा चटयांच्या दालनात १८८२ साली जिगोरो कानो यांनी ज्यूदोची शाळा काढली. कोदोकान हे तिचे नाव. पहिल्या वर्षी शिष्य अवघे नऊ.

कानो स्वतः शिकले ते जुन्या जुजुत्सूच्या पद्धतीने. १८७७ साली ते फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे जाऊ लागले. डाव कसा करावयाचा असे विचारले की गुरू शिष्याला पुनःपुन्हा आपटीत. शब्दांनी समजावणे त्यांना व्यर्थ वाटे. अंग शेकून निघे, ज्ञान मात्र सावकाश येई.

कानो हाडाचे शिक्षक. तोकियोच्या उच्च अध्यापन विद्यालयाचे प्रमुखपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. त्यांनी फेकीची फोड केली : आधी प्रतिपक्षाचा तोल ढळवावयाचा, मग आपले अंग योग्य जागी आणावयाचे, आणि शेवटी फेकावयाचे. १८९५ साली डावांचे पाच वर्ग पाडून क्रम ठरविला गेला. १९२० साली तो सुधारला, तेव्हा वर्गाला आठ याप्रमाणे चाळीस डाव झाले. त्यांत अगदी पहिले नाव देआशी-हराईचे. म्हणजे पुढे आलेला पाय झाडून नेणे.

दिसावयास हा डाव क्षुल्लक आहे. प्रतिपक्षाचे पाऊल पुढे पडते. त्यावर भार येऊ लागलेला असतो, पण ते अजून स्थिरावलेले नसते. नेमके तेव्हा आपल्या तळव्याने त्याचा घोटा बाहेरून झाडावयाचा आणि धरलेली बाही खाली ओढावयाची. केरसुणीसारखा पाय जमिनीलगत फिरला पाहिजे. क्षणभर आधी झाडले, तर त्याचा पाय नुसता उचलला जातो व गडी उभाच राहतो. क्षणभर उशीर झाला, तर भार पेललेल्या घोट्यावर लाथ बसते आणि दोघेही कळवळतात. येथे धिप्पाड मुलाची ताकद कामास येत नाही. उलट जोर लावण्याच्या नादात त्याची वेळ हुकते.

मग इतका नाजूक डाव आरंभीच का? पडणाऱ्याकडे पाहिले म्हणजे उलगडा होतो. तो फार उंचावरून पडत नाही. बाही धरलेली असल्याने कुशीवर येतो आणि मोकळ्या हाताने चटईवर थाप मारून आघात जिरवितो. झाडणाऱ्याला वेळ साधावयास कित्येक महिने लागोत, जोडीदार तेवढ्यात निर्भयपणे पडावयास शिकतो.

भारतातही ही विद्या फार पूर्वीच पोहोचली. १९२९ साली रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शिंझो ताकागाकी शांतिनिकेतनात ज्यूदो शिकविण्यासाठी आले होते.