सत्ता बदलली, पंडितांनी काय केलं?

राजवट बदलली की शिकल्यासवरल्या माणसांनी काय करायचं, यावर आपल्याकडे सारखी भांडणं होतात. एक म्हणतो 'विकला गेला', दुसरा म्हणतो 'व्यवहार बघा'. मला अशा वेळी चीनमधला लू प्रांत आठवतो. कन्फ्यूशियसची ही भूमी, आजच्या शानतुंगमधली.

इ.स.पू. २१३ मध्ये छिन दरबाराने लोकांकडचे जुने ग्रंथ जाळायचा हुकूम काढला. चारच वर्षांनी चेन शंगने बंड केलं. हा दुसऱ्याच्या शेतात राबलेला गडी. तरी लूचे पंडित विधींची भांडी घेऊन त्याच्याकडे गेले. त्यात कन्फ्यूशियसचा वंशज कोंग ज्याही होता. सहा महिन्यांत चेन शंग संपला, त्याच्याबरोबर कोंग ज्याही गेला.

पुढे इ.स.पू. २०२ मध्ये श्यांग यूला हरवून ल्यू बांग जिंकला. श्यांग यूला लूची जहागिरी मिळालेली होती, म्हणून सगळे शरण आले तरी लू येईना. वेढा पडला तरी आत पाठांतर आणि वाद्यं चालूच होती, असं इतिहासकार सिमा छ्येन लिहितो. श्यांग यूचं शीर दाखवल्यावरच दरवाजे उघडले.

आता प्रश्न होता नव्या राजाचा. ल्यू बांग म्हणजे पंडितांची टोपी ओढून त्यात लघवी करणारा माणूस! शुसुन तोंग या पंडिताने त्याला बरोबर ओळखलं. पंडिती झगा सोडून त्याने राजाच्या मुलखातला आखूड अंगरखा चढवला. लढाई चालू असताना त्याने शिष्यांऐवजी दांडगटांची शिफारस केली. शिष्य कुरकुरले. पण दारू पिऊन दरबारात तलवारी उपसणारे सरदार राजालाच डोईजड झाले, तेव्हा दरबारी रीत बसवायचं काम शुसुन तोंगने मागून घेतलं आणि लूमधून तीसेक पंडित बोलावले.

दोघांनी साफ नकार दिला. तू दहाएक धनी बदललेस, सगळीकडे तोंडपुजेपणा केलास. अजून मेलेल्यांना माती मिळाली नाही आणि तुला समारंभ सुचतात, असा त्यांचा सूर होता. शुसुन तोंग हसला. त्याच्या मते हे दोघे काळ न कळणारे गावंढळ.

इ.स.पू. २०० मध्ये नव्या राजवाड्यात सोहळा झाला. सरदार थरथरत रांगेत उभे राहिले, चुकणाऱ्याला बाहेर काढलं. राजा खूश. शिष्यांना नोकऱ्या आणि सोनं मिळालं. मग तेच कुरकुरणारे गुरूला थोर म्हणू लागले.

इकडे शेजारच्या जिनानमध्ये फू शंगने ग्रंथ भिंतीत लपवला होता. युद्ध सरल्यावर काढला, तर बराच भाग गेलेला, २९ प्रकरणं शिल्लक. तेवढ्यावर तो शिकवत राहिला. त्याने नव्वदी ओलांडली तेव्हा सम्राट वेनने अधिकारी पाठवून त्याच्याकडून ते ज्ञान घेतलं.

मला विचाराल तर शुसुन तोंगला मी नुसता लाचार म्हणणार नाही. त्याने पंडितांना दरबाराचं दार उघडून दिलं. पण आत जाऊन त्यांनी राजाला आवरलं नाही, राजाचा दरारा वाढवला. नकार देणाऱ्या दोघांची नावंसुद्धा इतिहासात नाहीत, पण त्यांच्यामुळेच त्या दाराची किंमत आपल्याला कळते. आणि फू शंग नसता, तर शिकवायला काय उरलं असतं?

आपल्या आसपास शुसुन तोंग पुष्कळ दिसतात. भिंतीत काही जपून ठेवणारे किती आहेत, तेवढं सांगा.